‘पसरतो’ हा शब्द घरच्यांना कसा समजावावा

मेंदूच्या स्लाइड तपासणं हे माझं काम. रुग्णाच्या घरच्यांशी बोलायची वेळ क्वचितच येते. एकदा आली तेव्हा ‘अल्झायमरमध्ये टाऊ हे प्रथिन मेंदूत पसरत जातं’ एवढं सांगून मी मोकळी झाले. पुढच्या भेटीत मुलीने हळूच विचारलं, "आईचा पेला वेगळा ठेवलाय, बरोबर ना?" तेव्हापासून कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय मी हा विषय काढत नाही. तुमच्यावर समजावायची वेळ आली तर असं करून बघा.

आधी पेला पुन्हा जागेवर ठेवायला सांगा. अल्झायमर किंवा पार्किन्सन उष्ट्याने, स्पर्शाने, सेवा केल्याने होत नाही. भीती मनात असेपर्यंत पुढचं काही डोक्यात शिरत नाही.

मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; पार्किन्सनमधल्या अल्फा-सायन्युक्लीनमध्ये ती 140 असतात. एक पट्टी नागमोडी दुमडा. टाऊ मुळात वाईट नाही, पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना तो आधार देतो. बिघडते ती त्याची घडी. आता दुमडलेली पट्टी सरळ पट्टीवर ठेवून त्याच चुण्या तिलाही पाडा. इथे घाई करू नका, कारण सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. दुसऱ्या पेशीत पोचतं ते फक्त थोडंसं बीज, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. पुढे बिघडत जातं ते त्या पेशीचं स्वतःचं, कालपर्यंत चांगलं असलेलं प्रथिन.

आता तीन पेशी काढा. पहिलीला अगदी खेटून दुसरी, आणि लांब तिसरी. पण पहिलीचा तंतू जोडा तिसरीला. विचारा, पुढचा नंबर कुणाचा? बहुतेक जण खेटून असलेलीवर बोट ठेवतात. मी स्लाइडवर बघते ते वेगळं असतं. एंटोरायनल कॉर्टेक्स या आठवणींशी निगडित भागाच्या दुसऱ्या थरात पेशींची छोटी छोटी बेटं असतात. चांदीच्या रंजनानंतर त्यांच्यात टाऊचे ज्योतीसारखे काळे गुंते दिसतात. या पेशींचे तंतू हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या केंद्रात, त्यातल्या डेंटेट गायरस या भागापर्यंत जातात. 2012 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत मानवी टाऊ मुख्यतः एंटोरायनल भागात तयार होईल अशी सोय केली होती. कालांतराने तो डेंटेट गायरसच्या पेशींतही सापडला. म्हणून तिसरीकडे बाण काढा. मात्र काही पेशी मुळातच नाजूक असतात, हेही सांगा. नुसत्या जोडणीने सगळं ठरत नाही.

बीज बाहेर कसं पडतं? कधी सुटं, कधी सूक्ष्म पिशवीत. समोरची पेशी ते गिळते. एवढं पुरे.

पुरावा मागितला तर 2008 ची गोष्ट सांगा. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत गर्भाच्या निरोगी पेशी बसवल्या होत्या. दहा वर्षांहून अधिक काळाने, मृत्यूनंतर तपासलं तर त्या कोवळ्या पेशींतही लेवी बॉडी, म्हणजे बिघडलेल्या अल्फा-सायन्युक्लीनच्या गुठळ्या, होत्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाकडे वळलेच नाही.

औषधाचं विचारतीलच. पेशींच्या मधल्या जागेत बीज पकडू पाहणाऱ्या टाऊविरोधी प्रतिपिंडांच्या काही चाचण्यांनी निराशा केली आहे, काम अजून चालू आहे. जास्तीचा शब्द देऊ नका.

कागद आणि पट्ट्या त्यांच्याकडेच राहू द्या. घरी आणखी कुणाला तरी हे सांगायचं असतं.