फॅमिलीला घेऊन बुफेला जाताय? या चुका टाळा (आमच्या सगळ्या करून झाल्यात)

बुफे म्हणजे उलटी पंगत. पंगतीत आपण बसलेलो असतो आणि वाढपी फिरतात, इथे पदार्थ जागेवर बसलेले आणि फिरायचं आपण. पण खरा फरक वेगळाच आहे. पंगतीत कोणीतरी आग्रह करतं, "घ्या हो, एक जिलबी काय जड आहे", आणि आपण पानावर हात आडवा धरतो. बुफेत आग्रह करणारेही आपणच आणि हात आडवा धरणारेही आपणच, त्यातलं पहिलं काम सगळ्यांना जमतं, दुसरं कोणालाच नाही.

मागच्या वर्षी सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. घरी करायचं तर माझी आणि सासूबाईंची दोन दिवस कंबर मोडणार, म्हणून घोडबंदर रोडवर एका बुफेवाल्या रेस्टॉरंटमध्ये नऊ जणांचं बुकिंग केलं. आम्ही ठाण्यातले सहा, नेरूळहून दीर, जाऊबाई आणि पुतण्या. त्या एका दुपारी आम्ही एवढ्या चुका केल्या की आता नात्यातलं कोणी बुफेला निघालं की आधी मला फोन करतं.

रविवार धरू नका, आणि धरलाच तर वेळेचं बघा

आम्ही रविवार दुपार धरली, का तर सगळ्यांना सुट्टी. सुट्टी सगळ्या ठाण्यालाच असते हे लक्षातच नाही आलं. कापूरबावडीपासून पुढे गाड्या, मेट्रोचे खांब, मॉलच्या पार्किंगची लाईन, त्यात दिरांनी "ट्रेनने पटकन येतो" म्हणून नेरूळहून ट्रान्स हार्बर धरायचं ठरवलं आणि स्टेशनवर गेल्यावर कळलं की मेगाब्लॉक. मग रिक्षा, मग बस, मग ऐरोलीवरून कॅब. साडेबाराचं टेबल, ते आले पावणेदोनला.

बुफेत उशीर झाला की नुसतं थांबावं लागत नाही, जेवणाचा वेळच कापला जातो. शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्या असतात, तुमचं टेबल दीड-दोन तासांनी पुढच्या लोकांना दिलेलं असतं. वेळ मोजतात ती बुकिंगची, शेवटचा माणूस खुर्चीत बसला तेव्हापासूनची नाही. जाऊबाईंच्या हातात सूप आलं तेव्हा वेटर विचारायला आला की स्टार्टर बंद करू का.

म्हणून फोन कराल तेव्हा नुसतं "टेबल आहे का" विचारू नका. टेबल किती वाजेपर्यंत आपलं, स्टार्टर कधी बंद होतात, मेन कोर्स कधी उचलतात, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरंही वेगवेगळी येतात. शक्य असेल तर मधल्या वारची दुपार बघा, रेट बहुतेक ठिकाणी विकेंडपेक्षा कमी असतो आणि गर्दी नसल्याने कबाब चौकशी करत आपल्याकडे येतात. मुलांची शाळा बुडते म्हणाल तर मे महिना आहे, दिवाळीची सुट्टी आहे. आणि गुडघेदुखीवालं कोणी सोबत असेल तर सोफा नको, खुर्ची सांगा, तेही एसीच्या थेट खाली नको. आमचे सासरे सोफ्यात रुतले ते दर वेळी दोघांनी हात देऊन उठवावे लागले, तिसऱ्या वेळी म्हणाले राहू दे, तूच आण काय आणायचं ते.

सकाळपासून उपाशी राहणं

ही सगळ्यात जुनी चूक आणि घरातली मोठी माणसंच करतात. "दुपारी तिकडे भरपूर आहे, आत्ता फक्त चहा." सासऱ्यांनी सकाळी दोन कप चहा घेतला, नाश्ता नाही, दीड वाजता खुर्चीत बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन मसाला पाव आणि एक ग्लास थंडगार कोल्ड्रिंक. झालं. पोट गच्च, वर ढेकर, खाली जळजळ. रिकाम्या पोटात ॲसिड आधीच असतं, त्यात तळलेलं आणि गॅसवालं गेलं की पुढचं सगळं नुसतं बघायचं.

पोट भरल्याची खबर डोक्यापर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणतात. भुकेला माणूस त्या वीस मिनिटांत जे काही हादडतो त्याचा हिशोब नंतर येतो. म्हणून सकाळी नऊच्या सुमाराला वाटीभर पोहे नाहीतर दोन इडल्या खाऊन घ्या.

घरात डायबिटीसवालं कोणी असेल तर याहून महत्त्वाचं एक आहे. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घरून निघताना घेऊ नका, ट्रॅफिक आणि वेटिंगमध्ये तास-दीड तास सहज जातो आणि तोवर शुगर खाली येऊ शकते. गोळी पर्समध्ये ठेवा, टेबल मिळून समोर खाणं आलं की घ्या, आणि डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थातच तसं. साखरेचे दोन चौकोन किंवा चॉकलेट पर्समध्ये असू द्या.

स्टार्टरमध्ये अडकणं

आता मुख्य गोष्ट. टेबलावर शेगडी असलेलं बुफे असेल तर सळ्या लावलेले कबाब येत राहतात, काही ठिकाणी टेबलावर एक छोटा झेंडा असतो, तो उभा आहे तोवर आणत राहणार, खाली केला की थांबणार. आमच्या पुतण्याने त्या झेंड्याचा खेळ केला, वर खाली वर खाली, आणि बिचारा वेटर आपला येतोय जातोय.

आधी काय येतं ते नीट बघा. बटाटा, मका, कॉर्नफ्लोअर लावून तळलेलं काहीतरी कुरकुरीत, मग पनीर. मासे, कोळंबी, मटण मागून आणि हळूहळू. यात कोणाची लबाडी वगैरे नाही, धंदा आहे, स्वस्त आणि पोट भरणारं आधी वाढलं की त्यांचा हिशोब जमतो. लग्नात सुद्धा जावयाच्या पंगतीला श्रीखंड आणि शेवटच्या पंगतीला वरणभात हे आपण बघितलेलंच आहे ना. तुम्हाला नको ते "नको" म्हणा आणि हवं ते नाव घेऊन मागा. "कोळंबी अजून एक प्लेट आणा, बटाटा नको" असं सरळ सांगितलं की आणतात, कोणी तोंड वाकडं करत नाही. आम्ही मात्र संकोचात, आलंय तर घेऊया म्हणत म्हणत बटाट्यानेच अर्धं पोट भरलं. माझ्या मुलीने, ती चौदा वर्षांची आहे, एकटीने मक्याच्या चार प्लेटा संपवल्या आणि बिर्याणी आली तेव्हा खुर्चीत मागे रेलून मोबाईल बघत होती.

दुसरं म्हणजे बसल्या बसल्या प्लेट उचलू नका. आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारा, सगळी झाकणं उघडून बघा, डेझर्ट पण बघा, चाट आणि डोशाचा लाइव्ह काउंटर कुठे आहे ते बघा (तिकडे लाईन लागते, मुलांना आधीच उभं करा). घरातल्या एकाने ही चक्कर मारून बातमी आणली तरी चालतं, आमच्याकडे आता हे काम अहोंकडे आहे, ते येऊन पोलीस पंचनाम्यासारखं सांगतात, डावीकडून तिसरं मटण रोगनजोश, शेजारी पास्ता, पास्त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि एका प्लेटमध्ये सगळं भरू नका हो. सासूबाईंनी पनीर माखनी, हक्का नूडल्स, दहीवडा आणि कडेला गुलाबजाम असं एकत्र आणलं, टेबलापर्यंत येईस्तोवर दहीवड्याचं दही नूडल्समध्ये आणि पाक माखनीत. एका वेळी दोनच पदार्थ, चमचाभर. आवडलं तर परत जायला कोणी अडवत नाही, आणि तेवढंच चालणं होतं. टाकलेल्या अन्नाचे वेगळे पैसे लावतो अशी पाटी पण काही ठिकाणी असते. लावोत न लावोत, सासऱ्यांसमोर पान टाकायची आमच्याकडे कोणाची हिंमत नाही, त्यामुळे पुतण्याच्या प्लेटमधले सहा कबाब शेवटी दिरांना खावे लागले.

वाफ येत नसेल तर घेऊ नका

काउंटरवरचे ते झाकणवाले स्टीलचे डबे खालून गरम पाण्यावर ठेवलेले असतात, पाण्याखाली बर्नर. गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर आणि थंड पदार्थ ५ डिग्रीच्या खाली ठेवायचा असा नियम सांगतात, मधल्या कोमटात जंतूंचं फावतं. आपल्याकडे थर्मामीटर नाही, पण झाकण उघडल्यावर वाफ आली की नाही हे दिसतंच. कोमट भात तर मुळीच नको, शिजलेला भात बराच वेळ कोमट राहिला की त्यात जे विष तयार होऊ शकतं ते परत गरम केल्यानेही जात नाही. वेटरला सांगा, नवीन ट्रे येईपर्यंत पाच मिनिटं थांबा. पावसाळ्यात कापलेली फळं, हिरवी चटणी आणि पाणीपुरीचं पाणी मी मुलांना घेऊ देत नाही, भांडण होतं, होऊ दे.

शाकाहारी माणूस सोबत असेल तर चिमटे बघा. चिकनच्या ट्रेमधला चिमटा पनीरमध्ये जायला गर्दीत क्षणभर पुरतो. सासूबाईंना हे तिसऱ्या घासाला कळलं आणि पुढचा अर्धा तास त्यांनी फक्त आइसक्रीम खाल्लं. आता मी जाताच सांगते की एकांचं सगळं किचनमधून वेगळं द्या, आणि देतात. शेगडी पण वेगळी मिळते का ते बुकिंगलाच विचारा, कांदा-लसूण नको असेल तर तेही. आणि तारीख ठरवताना कॅलेंडर बघा, नाहीतर बुकिंग कन्फर्म झाल्यावर कळतं की त्या दिवशी संकष्टी.

पोराचं वय

लहान मुलांचा रेट कुठे वयावर असतो, कुठे उंचीवर. आमच्या अहोंनी काउंटरवर सांगितलं पाच, आणि चिरंजीव मागून ओरडले, "मी दुसरीत आहे!" पुढे काय बोलणार. विचारून घ्या आणि खरं सांगा, दोन-तीनशे रुपयांसाठी पोरासमोर लाज नको.

बिल वाचा

केक, गाणं, टाळ्या, फोटो या गडबडीत बिल कोणी वाचत नाही. बोर्डवर जो रेट असतो तो बहुतेकदा टॅक्स सोडून असतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, पण ज्या हॉटेलच्या खोल्यांचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के, म्हणजे स्टार हॉटेलचा बुफे ठरवताना हे आधीच धरा.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईकाने ठरवायचं, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये त्याच बाजूने निकाल दिला. फरक किती पडतो बघा. ८९९ च्या रेटने नऊ जणांचे ८,०९१, त्यावर ५ टक्के धरून साधारण ८,४९६. मध्ये १० टक्के सर्व्हिस चार्ज घुसला की त्याच्यावरही जीएसटी, बिल जातं ९,३४५ वर. साडेआठशे रुपये! आम्हाला लावला होता, मी शांतपणे काढायला सांगितला, मॅनेजरने थोडी कुरकुर केली आणि काढला. नाहीच काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यातले दोनशे आम्ही त्या झेंडेवाल्या वेटरला हातात दिले, त्याने ते खरंच कमावले होते. बाटलीचं पाणी आणि कोल्ड्रिंक बुफेत धरलंय का तेही बसतानाच विचारा, टेबलावर बाटली आधीच उघडून ठेवली की नंतर वाद घालता येत नाही.

आणि तो डबा

घरी आल्यावर सासूबाईंच्या पर्समधून स्टीलची डबी निघाली, आत चार गुलाबजाम. बुफेतलं घरी न्यायला परवानगी नसते हे मी त्यांना सांगितलं, त्या म्हणाल्या मी अर्धा तास नुसतं आइसक्रीम खाल्लंय, माझे राहिलेलेच होते. यावर माझ्याकडे उपाय नाही. पर्स तपासणारी सून व्हायचं नसेल तर डबी दिसली तरी बघायचं नाही.

संध्याकाळचा स्वयंपाक त्या दिवशी ठेवू नका, ताक, जिरं, फार तर मऊ भात. आडवं पडण्यापेक्षा तलावपाळीला एक फेरी मारली तर बरं वाटतं.

पुढच्या महिन्यात नणंदेच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, वाशीला ठरलंय, बुधवारी दुपारी साडेबाराला. दिरांना साडेअकरा सांगितलंय.