वाफ्यात बी टाकण्याआधी कापणीचा दिवस मोजा: ठाणे जिल्ह्यासाठी खरीप भात सल्ला

रोहिणी नक्षत्र लागले की सगळ्यांचा जीव रोपाच्या वाफ्यात अडकतो. यंदा विनंती एवढीच आहे की, बी टाकण्याआधी ते भात कापणीला कधी येईल तो दिवस बोटांवर मोजा. अलीकडे आपले नुकसान लावणीत होते त्याहून जास्त कापणीत होते, आणि कापणीची वेळ तर मे-जूनमध्येच ठरून जाते.

2025 सालच बघा. पाऊस मुंबईत 26 मे रोजी दाखल झाला, नेहमीची तारीख आहे 11 जून. धूळवाफ्याची (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी करायची तर वाफसाच (पेरणीजोगी जमीन) मिळेना. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा पाऊस आला आणि कापून पसरलेले भात खाचरातच भिजले. वर्षभराची मेहनत अशी डोळ्यांदेखत काळी पडताना पाहणे फार जड जाते.

याला नुसते नशीब म्हणून चालणार नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते; कोळसा, डिझेल आणि जंगलतोड यांमुळे ते आता 420 च्या वर गेले आहेत. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि आपल्याकडे ढग पाठवणारा अरबी समुद्रही तापतो आहे. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा कोसळतोच, नाहीतर दडी मारून बसतो. मृग अजूनही 7-8 जूनलाच लागतो, पण पाऊस त्या तारखेला बांधलेला राहिलेला नाही.

आता हिशोब मांडू. कर्जत-3 सारखे हळवे (लवकर पिकणारे) भात 110 ते 115 दिवसांत तयार होते. ते 25 मेला पेरले तर सप्टेंबरच्या मध्यावर, भर पावसात कापायला येईल. तेच 20 जूनच्या आसपास पेरले तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडेल. म्हणजे पाऊस लवकर आला म्हणून हळव्याची घाई करू नका. लवकरच्या ओलीवर आधी गरवे पेरा (उशिरा पिकणारे, कर्जत-2 सारखे, 135 ते 140 दिवसांचे), मग निमगरवे (मधल्या मुदतीचे), आणि हळवे शेवटी. गरवे सखल, पाणी धरणाऱ्या खाचरात आणि हळवे उंचावरच्या, लवकर निथळणाऱ्या जमिनीत ठेवा. सगळी जमीन एकाच वाणाखाली आणू नका. ज्याला दोनच खाचरे आहेत त्यानेही दोन वाण घ्यावेत असे माझे ठाम मत आहे.

रोपवाटिका गादीवाफ्यावरच करा. रुंदी 1 मीटर, उंची 8 ते 10 सेंटिमीटर, दोन वाफ्यांत चर. अतिवृष्टीत सपाट वाफ्यातले बी वाहून जाते. एक हेक्टर लावणीला 10 गुंठे रोपवाटिका धरा, पण ती एकाच दिवशी पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा. जुलैत पावसाने ओढ दिली आणि पहिली रोपे वय होऊन निबर झाली, तर दुसरी हाताशी असतात. बी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून बुडवा, तरंगणारे पोल (पोकळ बी) काढा, तळाचे बी दोनदा धुऊन सावलीत सुकवा.

राब भाजल्याने (वाफ्याच्या जागी शेण, पालापाचोळा पसरून जाळल्याने) तण मरते, माती मऊ होते, हे खरेच आहे. पण शेण आणि पालापाचोळाही जळून जातो, आणि तोच जमिनीत ओल धरून ठेवतो. त्याऐवजी कुजलेले शेणखत आणि दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची राख मिसळा. लावणीनंतर फुटव्याच्या काळात अधूनमधून खाचरातले पाणी सोडून द्या. सतत तुंबलेल्या चिखलातून मिथेन निघतो आणि मुळेही गुदमरतात.

भिवंडी, कल्याण भागातल्यांनी मेअखेरीस ओढे आणि नाले स्वतः चालून बघावेत. गोदामे आणि रस्त्यांसाठी टाकलेल्या भरावाने जुन्या वाटा बुजल्या असतील, तर पाणी तुमच्याच खाचरात थांबणार. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि भरावाचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

दिवा, खारबाव, घणसोलीकडे खाडीलगत जी थोडी शेती उरली आहे, तिथे उधाणाआधी बांधाची भगदाडे बुजवा आणि उघाड्यांची (बांधातून पाणी सोडायच्या वाटांची) दारे नीट बसतात का ते तपासा. समुद्राची पातळी वाढते आहे. बांधाबाहेरचे तिवर (खारफुटीची झाडे) तोडू देऊ नका, लाटेचा पहिला मार तेच खातात. खाऱ्या जमिनीत पनवेल-1, 2 किंवा 3 हे क्षारसहनशील वाण घ्या.

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी काढा. मोबाइलवर हवामानाच्या अंदाजासाठी मेघदूत आणि विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ही ॲप आत्ताच घेऊन ठेवा. अंदाज बघून त्या दिवसात झोडून होईल तेवढेच कापा, आणि ताडपत्री दसऱ्याआधी घरात आणून ठेवा.