रेडिएटरला पंख्यांची जोड कशी द्यावी

बॉयलरच्या गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या खाली लहान पंखे बसवले की खोली लवकर तापते, याचा अनुभव पहिल्याच संध्याकाळी येतो. मात्र पंखा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. गरम पाण्यातली जी उष्णता एरवी परतीच्या नळीने बॉयलरकडे माघारी जाते, तिच्यातला आणखी थोडा वाटा तो खोलीच्या हवेत आणून सोडतो. म्हणून इंधन वाचेल की नाही, हे पंख्यांपेक्षा बॉयलरवर पाण्याचे तापमान किती ठेवले आहे यावर अवलंबून असते. पंखे बसवल्यानंतर ते तापमान उतरवले, तर बचत होते. आहे तसेच ठेवले, तर खोली लवकर तापण्याची सोय तेवढी पदरात पडते. पंखे बसवून बॉयलरला हातच न लावणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेडिएटर या नावावरून तो मुख्यतः प्रारणाने उष्णता देत असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात दोन पत्र्यांच्या मध्ये पन्हळी पत्रे जोडलेल्या पॅनेल रेडिएटरमधून बहुतांश उष्णता अभिसरणाने बाहेर पडते: जमिनीलगतची गार हवा खालून आत शिरते, पन्हळींमधून तापत वर चढते आणि वरच्या जाळीतून खोलीत येते. ही हवा केवळ तापल्यामुळे हलकी होऊन वर जात असते, त्यामुळे तिचा वेग अगदी कमी असतो आणि पाणी जितके कोमट तितका तो आणखी मंदावतो. रेडिएटरची क्षमता सहसा पाण्याचे सरासरी तापमान ७० अंश सेल्सिअस आणि खोलीचे २० अंश, म्हणजे ५० अंशांचा फरक धरून सांगितलेली असते. पाणी सरासरी ५० अंशांवर आणले की फरक ३० अंशांचा उरतो आणि मिळणारी उष्णता त्या प्रमाणात ६० टक्क्यांवर न थांबता जवळपास निम्म्यावर येते, कारण फरक कमी झाला की हवेचा ओघही आटतो. पंख्याचे काम नेमके इथे आहे. हवेचा ओघ तो स्वतःच्या बळावर चालू ठेवतो आणि कोमट पाण्याच्या रेडिएटरकडूनही भरपूर उष्णता काढून घेतो.

पंखे विकत घेण्याआधी रेडिएटर मुळात धड चालतो आहे का, ते पाहावे. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. अशा वेळी बॉयलर बंद करून रेडिएटर निवू द्यावा, वरच्या कोपऱ्यातला हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह किल्लीने अलगद सैल करावा आणि फसफस थांबून पाणी येऊ लागताच तो पुन्हा आवळावा. बंद पद्धतीच्या जोडणीत यानंतर दाबमापकाकडे पाहणे आवश्यक असते, कारण हवा निघाली की दाब उतरतो. थंड स्थितीत तो साधारण १ ते १.५ बार असावा. उलट वरून गरम आणि तळाशी मध्यभागी गार लागत असेल, तर आत गाळ साचलेला असतो आणि त्यावर पंखा हा उपाय नव्हे. तो रेडिएटर धुऊन घ्यावा लागतो. पन्हळींमधली धूळ लांब दांड्याच्या ब्रशने काढावी, समोर टेकलेला सोफा हातभर पुढे ओढावा आणि रेडिएटरवर उतरणारा पडदा खिडकीच्या चौकटीपर्यंत आखूड करावा. एवढ्यानेच काही खोल्यांमध्ये पंख्यांची गरज उरत नाही.

हवा किती वाहते हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी वरच्या जाळीपासून वितीभर उंचीवर धरावी. पाणी चांगले तापलेले असताना ती सतत थरथरते. पाणी कोमट झाले की जवळजवळ सरळ लोंबते. ही पट्टी जपून ठेवावी, पंखे बसवल्यावर ती पुन्हा उपयोगी पडते.

या कामासाठी संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसवतात ते १२ व्होल्टचे चौकोनी पंखे सर्वांत सोयीचे ठरतात. असा एक पंखा साधारण १ ते ३ वॉट वीज घेतो आणि ८०, ९२, १२० व १४० मिलिमीटर अशा मापांत मिळतो. माप निवडताना रेडिएटरची खोली, म्हणजे पुढच्या पत्र्यापासून मागच्या पत्र्यापर्यंतचे अंतर, पट्टीने मोजावे. पंखा त्याहून फार रुंद असेल तर त्याची बरीच हवा पन्हळींच्या बाहेरून निसटते. आवाजाच्या दृष्टीने मोठा पंखा हळू फिरवणे हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही चांगले, त्यामुळे मापात बसणारा सर्वांत मोठा पंखा घ्यावा. बेअरिंग बॉल प्रकारचे असल्यास तो उष्ण जागी अधिक टिकतो. घाऊक उत्साहात रेडिएटरच्या पूर्ण लांबीभर पंखे लावण्याचे कारण नाही. एक मीटर लांबीच्या रेडिएटरला सम अंतरावर बसवलेले चार पंखे पुरेसे होतात.

पंखे रेडिएटरच्या खालीच बसवावेत आणि त्यांची हवा वरच्या दिशेने जावी. वर बसवून हवा ओढून घेण्याचाही प्रकार करता येतो, पण मग पंख्याला सतत गरम हवेत फिरावे लागते आणि त्याचे वंगण लवकर सुकते. खाली त्याला जमिनीलगतची गार हवा मिळते. वरून खाली हवा ढकलणे तर सर्वस्वी चूक आहे, कारण वर चढू पाहणाऱ्या गरम हवेलाच आपण विरोध करतो. पंख्याच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण अनेकदा कोरलेला असतो; नसेल तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे लक्षात ठेवावे.

बसवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या दोन लांब काटकोनी पट्ट्या घेऊन त्यांच्या मध्ये पंखे स्क्रूने पक्के करावेत आणि ही तयार चौकट लोहचुंबकांच्या साह्याने रेडिएटरच्या पोलादी पत्र्याला खालून चिकटवावी. भोके पाडावी लागत नाहीत आणि सफाईच्या वेळी चौकट ओढून काढता येते. दोन पंख्यांमधल्या मोकळ्या जागा पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकाव्यात, नाहीतर वर ढकललेल्या हवेचा काही भाग त्याच फटींतून परत खाली येतो आणि पंखे तीच हवा फिरवत बसतात. यासाठी पुठ्ठा किंवा थर्मोकोल वापरू नये. विजेच्या तारा आणि उष्णता एकत्र असलेल्या जागी ज्वलनशील वस्तू असू नये. पंखा आणि पट्टी यांच्यामध्ये, तसेच पट्टी आणि रेडिएटर यांच्यामध्ये रबराचे पातळ तुकडे घालणे हा अगदी छोटा तपशील वाटतो, पण तो चुकवू नये. धातूला धातू टेकला की पंख्याची बारीक थरथर रेडिएटरच्या सगळ्या पत्र्यात पसरते आणि रात्रीच्या शांततेत सलग गुणगुण ऐकू येत राहते.

जोडणी समांतर करावी, म्हणजे सगळ्या लाल तारा एकत्र आणि सगळ्या काळ्या तारा एकत्र. चार पंखे प्रत्येकी ०.१५ अँपिअर घेणारे असतील तर एकूण ०.६ अँपिअर होतात, तेव्हा १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. व्होल्टेज कमीजास्त करता येणारा अडॅप्टर घेतल्यास पंखे ७ व्होल्टच्या आसपास चालवावेत. त्या वेगाला ते जवळजवळ ऐकू येत नाहीत आणि हवा पुरेशी वाहते. काही पंखे कमी व्होल्टेजवर फिरत राहतात पण थांबलेल्या अवस्थेतून सुरू होत नाहीत, म्हणून निवडलेल्या व्होल्टेजवर ते बंद-चालू करून चार-पाच वेळा पाहावे. चारही पंखे मिळून ५ वॉट घेत असतील, तर दहा तासांत ०.०५ युनिट वीज जाते. अडॅप्टर रेडिएटरपासून दूर ठेवावा. घरच्या मुख्य विद्युतप्रवाहावर थेट चालणारा पंखा उघडून रेडिएटरखाली बसवण्याचा प्रयोग कुणीही करू नये.

पंखे हाताने चालू-बंद करण्याचा कंटाळा दोन दिवसांत येतो. त्याऐवजी ४० अंशांच्या सुमारास जोडला जाणारा छोटा तापमान-स्विच अडॅप्टरच्या तारेत घालून, रेडिएटरकडे येणाऱ्या गरम नळीवर उष्णता सोसणाऱ्या पट्टीने घट्ट बांधावा. नळी तापली की पंखे आपोआप फिरू लागतात आणि निवली की थांबतात. हा स्विच थंड असताना उघडा राहणारा हवा. उलट प्रकारचा घेतल्यास पंखे रेडिएटर गार असतानाच फिरतील. रेडिएटरला तापमान ओळखणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या बाजूची काही जागा पंख्याविना सोडावी. जमिनीवरची गार हवा त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावरून खेळू लागली की त्याला खोली अजून थंडच आहे असे वाटत राहते.

पहिले पंखे कोणत्या खोलीत बसवावेत, याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. ज्या खोलीत घराचा मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथे ते बसवले, तर ती खोली झटकन तापते, थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो आणि बाकीचे घर गारठलेलेच राहते. म्हणून जी खोली सर्वांत उशिरा तापते तिच्यापासून सुरुवात करावी. त्याच खोलीसाठी एरवी सगळ्या घराचे पाणी जास्त तापवावे लागत असते.

पंखे खरोखर काम करतात की नाही, हे परतीची नळी सांगते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीवर एकेक तापमापक बांधून पंखे बंद असताना अर्ध्या तासाने आकडे लिहून घ्यावेत, मग पंखे चालू करून आणखी अर्ध्या तासाने पाहावे. येणाऱ्या पाण्याचे तापमान तेच राहून जाणाऱ्याचे उतरले, तर तेवढी उष्णता खोलीत अधिक उतरली आहे. फरक पडला नाही तर टिश्यूची पट्टी पुन्हा काढावी आणि हवा जाळीतून वर येते आहे की पुढून-मागून निसटते आहे, ते शोधावे.

यानंतर बॉयलरवरचे पाण्याचे तापमान ५ अंशांनी उतरवावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे आणि घर हवे तितके तापत असेल तर पुन्हा ५ अंश उतरवावे. कंडेन्सिंग बॉयलर नैसर्गिक वायूवर चालत असेल, तर परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आल्यावरच धुरातली वाफ द्रवरूप होऊन तिची उष्णता कामी येऊ लागते, आणि पाणी जितके गार परतेल तितका हा लाभ वाढतो. बाहेरची उष्णता विजेच्या साह्याने घरात आणणाऱ्या हीट पंपाला तर कमी तापमानाचा फायदा नेहमीच होतो. जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरच्या बाबतीत मात्र उत्पादकाने दिलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये, कारण तिथे साचणारे आम्लयुक्त पाणी आतला धातू खाते. तसेच उतरवायचे ते केवळ रेडिएटरच्या पाण्याचे तापमान. आंघोळीचे पाणी टाकीत साठवले जात असेल, तर ती टाकी लिजिओनेला जिवाणूंच्या धोक्यामुळे ६० अंशांवरच ठेवावी. पाणी कोमट ठेवल्यावर बॉयलर पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालतो आणि रेडिएटर हाताला चटका देत नाही. तसे होणे अपेक्षितच आहे, त्यात बिघाड काही नाही. कडाक्याच्या थंडीत घर तापेनासे झाले तर एक पायरी वर चढावे.

तेल भरलेल्या विजेच्या रेडिएटरला हा हिशोब लागू होत नाही. त्याने घेतलेली सगळी वीज तशीही उष्णता होऊन खोलीतच येते. पंख्याने ती खोलीभर लवकर पसरते, पण तेवढ्याच विजेत अधिक उष्णता मिळत नाही.

थंडीच्या हंगामात महिन्यातून एकदा चौकट खाली काढून पाती आणि पन्हळी ब्रशने साफ कराव्यात, कारण पंखे हवेबरोबर जमिनीवरची धूळही वर ओढतात. एखादा पंखा घरघरू लागला की त्याचे बेअरिंग गेले असे समजून तो लगेच बदलावा.