जिप्सीचं मिसिंग, आणि पेन्सिलीसारखी एक रेघ

माझी जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी पावसाळा लागला की सकाळी मिसिंग मारायची, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचाच नाही, घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आला की धक्के सुरू, आणि दुपारी उन्हात उभी राहिली की एकदम शहाणी. गॅरेजवाल्याने आधी कार्बोरेटर साफ केला, मग प्लग बदलले, पैसे गेले, मिसिंग तिथंच. अरे पण फक्त ओलीतच होतंय म्हणजे पेट्रोल नाही, करंटचं लफडं असणार ना!

मग रविवारी सकाळी गाडी स्लोवर ठेवून इन्सुलेटेड पक्कडीने चारही सिलिंडरच्या प्लगची एकेक वायर काढून बघितली. १, २, ४ काढली की इंजिन लगेच लडबडायचं, ३ नंबरची काढली तर काहीच फरक नाही, म्हणजे तोच मेलेला. प्लग अदलाबदल केला, वायर दुसरी लावली, तरी ३ च.

शेवटी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढली, आत टॉर्च मारला तर ३ आणि ४ च्या टोकांमध्ये पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, त्यामुळे कॅपवर हे दोघं शेजारी, आणि ३ मध्ये कॉम्प्रेशन (दाबलेलं हवा-पेट्रोल) भरलेलं असताना करंटला त्या रेघेवरून ४ कडे पळणं सोपं जातं, त्यात ओल म्हणजे आयता रस्ता.

रेघ घासून चालत नाही, मी आधी घासलीच होती, दोन दिवसांत परत आली. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही नवीन टाकले. काल भर पावसात येऊरला चढवली, एक धक्का नाही. जुनी कॅप बायकोने फेकायला सांगितली, अजून डॅशबोर्डवर आहे.