नवे टायर पुढे टाकले आणि पावसात गाडीची मागची बाजू घसरू लागली: माझा अनुभव

बीडहून चौसाळ्याला जाताना मांजरसुंबा घाटात, ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जायची. कोरड्या रस्त्यावर काहीच नाही. महिन्यापूर्वी दोन नवे टायर पुढे टाकले होते. "इंजिन पुढं, ओढ पुढं, मग नवे बी पुढंच," असं दुकानदार म्हणाला, मलाही पटलं.

अलाइनमेंट दोनदा केलं, हवा कमी-जास्त केली, डिकीत ज्वारीचं पोतंही टाकून पाहिलं. दोन रविवार फुकट गेले.

शेवटी टायरच्या खाचांची खोली मोजली: पुढे ७ मिमी, मागे ३. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी, म्हणजे मागचे बाद नव्हते. फक्त पाणी पुरेसं बाहेर फेकत नव्हते. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग उतरला की सावरते. मागची सुटली की गाडी गरकन फिरते. ओढ पुढची असो की मागची, नवी जोडी मागेच.

मग सपाट जागी, पलीकडच्या चाकांना विटा लावून, नट जमिनीवरच सैल केले. जॅक एकच. मागचं चाक काढून तिथे स्टेपनी, पुढचं नवं काढून तिथे जुनं, मग स्टेपनी काढून नवं. टायरवर फिरण्याचा बाण होता, म्हणून डावी-उजवी बाजू बदलली नाही. नट समोरासमोरचे आवळत गेलो, शेवटचा पीळ गाडी खाली उतरवून. हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. ५० किमीनंतर नट पुन्हा तपासले.

पुढच्या पावसात तेच वळण, तोच वेग. मागची बाजू हलली नाही.