दिव्यांगांच्या केंद्रातली सामुदायिक बाग : या चुका टाळा

प्रौढ दिव्यांगांच्या डे केअर केंद्रात बाग करायची ती सदस्यांनी स्वतःच्या हातांनी काम करावे म्हणून. पण मांडणी चुकली, की काम कर्मचारी करतात आणि सदस्य बघत बसतात. बहुतेक चुका बांधकामाआधीच टाळता येतात.

भरीव भिंतींचे उंच वाफे

विटांची भिंत उभारून आत माती भरली, की व्हीलचेअरवरच्या माणसाला वाफ्याशेजारी आडवे बसून, कंबरेतून वळून काम करावे लागते. थोड्याच वेळात पाठ दुखू लागते. गुडघे आत जातील असा टेबलासारखा वाफा हवा. खाली सुमारे 70 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. वरची कड 80 ते 85 सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, नाहीतर खांदे उचलून काम करावे लागते.

इथेच घोळ होतो. या दोन मापांच्या मध्ये मातीला जेमतेम 12 सेंटिमीटर उरतात. म्हणून वाफ्याच्या पेटीचा तळ तिरका करा : बसणाऱ्याच्या बाजूला 12 सेंटिमीटर खोल, मागे 25 ते 30. पुढे कोथिंबीर, पालक, पुदिना लावा. मागे मिरची, टोमॅटो. पाणी निघायची भोकेही मागच्या खोल बाजूलाच पाडा. पुढे पाडली तर चिखलाचे पाणी थेट मांडीवर गळते. एका बाजूनेच हात पोहोचणार असेल, तर रुंदी 60 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

ही मापे सुरुवातीपुरती. पक्के करण्याआधी पुठ्ठ्याची पेटी टेबलावर ठेवा आणि प्रत्येक सदस्याला त्याच्या रोजच्या खुर्चीत बसवून हात कुठवर जातो ते बघा. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी 90 सेंटिमीटर उंचीचा एखादा वाफा वेगळा ठेवा.

नुसती बागेची माती भरणे

120 × 60 सेंटिमीटरच्या, सरासरी 20 सेंटिमीटर खोल पेटीत 144 लिटर मिश्रण बसते. ओली माती असेल तर हे वजन 200 किलोच्या पुढे जाते आणि वाफ्याचे पाय वाकतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), कंपोस्ट आणि माती समान भागांत घ्या. कंपोस्टची पिशवी उघडल्यावर आधी पाणी शिंपडा. कोरडी धूळ दम्याच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला बाधते.

उथळ भाग उन्हात लवकर सुकतो. ठिबकची नळी आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन, दोन्ही हवे.

वाटा

सुटी खडी, वाळू किंवा हिरवळ नको. पुढची छोटी चाके रुततात. खरखरीत काँक्रीट किंवा घट्ट बसवलेले पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे) चालतात. रुंदी 120 सेंटिमीटर, वळायला 150 × 150 ची जागा, उतार 1:20 (20 सेंटिमीटर लांबीला 1 सेंटिमीटर चढ) पेक्षा तीव्र नको. वाटेच्या कडेला उंच काठ ठेवा : चाक घसरत नाही आणि अंध सदस्याच्या पांढऱ्या काठीला कड सापडते. डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या कुंड्या मात्र काठीला सापडत नाहीत, त्या काढाच.

अवजारे आणि बी

दहा लिटरची झारी भरल्यावर दहा किलोच्या वर जाते. एक-दोन लिटरची घ्या. खुरपीच्या मुठीवर फोमची नळी चढवली की पकड सोपी होते; खुरपी छोट्या दोरीने वाफ्याला बांधा, म्हणजे पडली तरी बसल्या जागी वर ओढता येते. बारीक बी बोटांत धरता येत नसेल, तर फरसबी किंवा सूर्यफूल निवडा. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, बागेत नकोत.

ऊन

ही चूक जिवावर बेतू शकते. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेखालच्या शरीराला नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर पटकन तापते. संवेदना नसलेल्या हाताला तापलेल्या पत्र्याचा चटका कळत नाही आणि भाजते. काही मानसोपचाराच्या औषधांनीही उष्णता सहन होत नाही. धातूच्या कडा लाकडाने झाका, काम करायच्या जागेवर सावली करा आणि कामाची वेळ सकाळची ठेवा.

सगळ्यांनी एकच वाफा भिजवणे

रोप पिवळे पडले की लोक आणखी पाणी घालतात, पण केंद्रात मुळे बहुधा जास्त पाण्यानेच कुजतात, कारण प्रत्येक जण येताजाता झारी रिकामी करतो. वाफ्यावर एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला लाल अशी पाटी लावा; लाल म्हणजे पाणी द्यायचे. पाणी घातले की निळी बाजू वर. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट दोन सेंटिमीटर आत घालून माती कोरडी लागली, तरच ती पुन्हा लाल करायची. हे काम कर्मचाऱ्याने नव्हे, एका सदस्याने सांभाळायचे.