सुट्टीत पोरांना किल्ल्याच्या कामाला लावा
दसऱ्याची सुट्टी पडली की पोरं दिवसभर मोबाईल घेऊन बसायलेत ना, मग दिवाळीच्या किल्ल्याला आत्ताच लावा की त्यांना. आधी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड दाखवून आणा, बुरूज, दरवाजा, तटबंदी सगळं वहीत काढू दे. घरी आल्यावर अंगणात दगड-विटा रचायच्या, वर भिजवलेलं पोतं टाकायचं आणि चाळलेल्या लाल मातीचा चिखल त्यावर थापायचा, कपडे मळले तरी ओरडू नका, खरी मजा त्यातच आहे. उतारावर अळीव पेरून पाणी शिंपडायचं काम धाकट्याला द्या, चार-पाच दिवसांत हिरवळ दिसायला लागते आणि सकाळी उठल्या उठल्या तो आधी तिथंच पळतोय बघा. मावळे शक्यतो घरीच शाडूचे करू दे. पावसाचा भरवसा नाही, प्लास्टिक जवळ ठेवा.